दरीतल्या काळ्या पिशव्या

प्रिय अर्थवान,

सर्वप्रथम तुझ्या अंगठ्याविषयी माझी रीतसर तक्रार नोंदवून घे. आईचा खोकला, परसातल्या फणसाला लागलेली कीड आणि स्वयंपाकघराच्या छपराची गळती असा सविस्तर वृत्तान्त मी तुला फोनवर पाठवला होता. चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने, विरामचिन्हांसकट. त्यावर तुझ्याकडून आला तो एक पिवळा अंगठा. खोकल्याला अंगठा, किडीला अंगठा, गळतीलाही तोच. जन्मभर मी पोरांना संस्कृत शिकवलं, एकेका धातूचे दहा दहा अर्थ सांगितले. पण तुझ्या या अंगठ्याचा अन्वय काही लागला नाही. म्हणून आज कागदावर लिहितो आहे. कोबीची गाडी घेऊन सुकार्जा देनपसारच्या बाजाराला निघाला आहे, तो हे पत्र तुझ्या हातात देईल आणि तू उघडेपर्यंत समोरून हलणार नाही. तसं मी त्याला बजावलं आहे.

आई आहे तशी आहे. पहाटे कोंबड्याच्या आधी उठते, ओट्यावर बसते आणि नारळाची कोवळी पानं मांडीवर घेऊन देवाच्या परड्या विणते. काही आपल्या देवळासाठी, बाकीच्या तुझ्या दरीकाठच्या अतिथिगृहासाठी. तुझा माणूस स्कूटरवरून येतो आणि टोपली घेऊन जातो. आपल्या बंजारमधल्या, साऱ्या वस्तीतल्या बाकीच्या बायका आता पानं स्टेपलरने जोडतात. माझ्या बायकोनेही आईपुढे एक स्टेपलर ठेवून पाहिला. आईने तो उलटासुलटा केला आणि म्हणाली, "देवाला द्यायचं पान आहे बाई, सरकारी अर्ज नाही." ती अजून बांबूची काडीच टोचते. भाजलेल्या करंगळीमुळे तिची परडीची कड बाहेरऐवजी आत वळते, तीही तशीच. खोकल्याची उबळ आली की हातातलं पान तेवढं खाली ठेवते, ती ओसरली की पुन्हा उचलते. तू कधी येणार, हे ती विचारत नाही. तुझ्या वाटणीच्या परड्या मात्र जरा जास्त नीट विणते, असं माझ्या बायकोचं निरीक्षण आहे.

आता धबधब्याचं ऐक. गालुंगानच्या सणाच्या सुट्टीत जी माणसं येऊन गेली, त्यांना माणसं म्हणताना माझं व्याकरण अडखळतं. परदेशी, जावाहून बसने आलेले, आपल्या देनपसारची शिकली-सवरलेली कुटुंबं, कुणी कुणाला हार गेलं नाही. चाफ्याखाली बसून शेवया खाल्ल्या, वाट्या तिथेच. सातेच्या, मांस भाजायच्या काड्या वाळूत रोवून ठेवल्या, अगदी शेती केल्यासारख्या. शांपूच्या पुड्या दगडांच्या फटीत, ओले कागदी रुमाल वेलींवर. झऱ्याच्या तोंडाशी कुणीतरी नूडल्सचं उरलेलं तेलकट पाणी ओतलं होतं. त्यावर लाल तवंग धरला होता आणि त्या तवंगात धबधब्याचं प्रतिबिंब पडलं होतं. एक तरुण बाई तिथे पांढरा झगा घालून फोटो काढून घेत होती. पायाशी कचऱ्याची पिशवी होती, ती तिने बोटाने नव्हे, चपलेच्या टोकाने चित्राबाहेर सरकवली. मग डोळे मिटून हात जोडले. फोटो फार सात्त्विक आला असणार.

बंजारने मला फलक लिहायला सांगितला, हे तुला मी कळवलं होतंच. (अंगठा.) मी तीन दिवस खपून मजकूर केला. जल हे देवतांचं वस्त्र आहे, त्याला डाग लावू नये, वगैरे. अक्षर वळणदार, भाषा भारदस्त. फलक लागला त्याच दुपारी एक कुटुंब त्याच्या सावलीत जेवलं, आणि जाताना उष्ट्याची पिशवी फलकाच्याच खिळ्याला लटकवून गेलं. पाण्याच्या वाटेवर खाऊचं दुकान चालवणारी मेन रसनी मला भर रस्त्यात म्हणाली, "मास्तर, तुमचा फलक फार उपयोगाचा आहे हो. आधी लोकांना पिशवी अडकवायला जागाच नव्हती." विद्वत्तेची इतकी थेट समीक्षा माझ्या वाट्याला पूर्वी आली नव्हती.

इथवर मला फक्त किळस वाटत होती. पुढचं वेगळं आहे. गेल्या आठवड्यात देवळाचे पुजारी तीर्थ भरायला झऱ्यावर उतरले. कलश पाण्यात बुडवला, तर वरून तरंगत एक लहान मुलाचं प्लास्टिकचं लंगोट आलं, पाणी पिऊन कोंबडीएवढं फुगलेलं, आणि कलशाच्या गळ्यालाच अडकलं. पुजारी तसेच रिकाम्या हाताने वर आले. दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. मी त्यांना भेटायला गेलो तर ते नुसते स्वतःच्या हातांकडे बघत बसले होते. झऱ्याच्या वर दरी आहे. कुणीतरी गाडीने पिशव्या आणून दरीत ओततं, हे लोकांनी वर जाऊन डोकावून पाहिलं तेव्हा सगळ्यांना कळलं.

मुखिया विदियादांनी सभेला बोलवायचा लाकडी कुलकुल वाजवला, मंडपात सगळे उंबरे जमले. एक जण म्हणाला, पाहुण्यांचंच काम असणार. मेन रसनी पान चघळत होती, तिने पिंक टाकली आणि म्हणाली, "पाहुणा हातातलं टाकतो आणि चालू पडतो. पिशवी भरून, गाठ मारून, गाडीत घालून इतक्या लांब आणतो, तो पाहुणा नसतो. त्याला रस्ता ठाऊक असतो." तेव्हा तुझा हा थोरला भाऊ उभा राहिला. आवाज चढवून मी म्हणालो की ज्या घराचा हा कचरा असेल ते घर वाळीत टाका. बोलणं बंद, लग्नकार्याला जाणं बंद, आणि स्मशानही बंद, मेलं तर खांदा द्यायलाही कुणी जायचं नाही. मी बोललो म्हणजे चांगलाच बोललो असणार, कारण सगळ्यांनी लगेच हात वर केले. विदियादा एवढंच म्हणाले, "मास्तरांचं ठरलं. पण आपल्या पायांनी मंडपात येऊन जो सांगेल, त्याला बंजार माफ करते. ही जुनी रीत आहे, ती मी मोडणार नाही." तेव्हा मला ते मवाळपणाचं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन मी एकटाच दरीत उतरलो. पुरावा शोधायचा आणि पुढच्या बैठकीत तो वाजतगाजत मांडायचा, असा माझा बेत. वास आधी आला, पिशव्या नंतर दिसल्या. काळ्या, मोठ्या, एकीवर एक. खालच्या फुटून त्यांतून पिवळं पाणी नेच्यांवर ओघळत होतं. माश्या इतक्या की पिशव्या हलताहेत असं वाटावं. एक काठीने फाडली. वापरलेले छोटे साबण, दाढीची पाती, केस, सडलेली पपई, बाटल्या, कागदी रुमाल आणि त्यात नाव न घ्यावं असं बरंच काही. नाकाला उपरणं लावून मी उलटपालट करत होतो. तळाशी परड्या होत्या. वाळलेल्या, त्यांतली झेंडूची फुलं काळी पडलेली, भाताला बुरशी. एक नाही, ओंजळी ओंजळीने होत्या. दुसऱ्या पिशवीतही त्याच. मी एक उचलली. बांबूची काडी होती, अर्थवान. आणि कड आत वळलेली होती.

रोज पहाटे ओट्यावर जे विणलं जातं ते देवापुढे एक दिवस राहून कुठे जातं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते लंगोटांच्या खाली जातं. पिशवी मी पुन्हा बांधली आणि जिथे होती तिथेच ठेवली. परड्या काढून घेण्याचा मोह झाला नाही असं नाही.

तुझ्या माणसाने परस्पर केलं, की तुला ठाऊक होतं, हे मी विचारत नाही. विचारलं तर तू अंगठा पाठवशील आणि मी त्याचा हवा तसा अर्थ लावीन. पौर्णिमेच्या आदल्या सकाळी दरी साफ करायला सगळी बंजार खाली उतरणार आहे. पिशव्या बायका उघडतील. त्यांतली प्रत्येक जण देवळाच्या ओसरीवर आईच्या शेजारी बसून कधी ना कधी परड्या विणून गेली आहे. मेन रसनीला तर ती कड अंधारात हात फिरवूनही कळेल. तू देनपसारला राहिलास म्हणून काही सुटत नाहीस. बंजारच्या लेखी तुझा-माझा उंबरा एकच, बाबांच्या नावाचा.

म्हणून त्याआधी ये. मंडपात उभा राहा आणि सांग, माझ्या घरातून गेलं. मग दरीत उतर आणि पहिली पिशवी स्वतःच्या हाताने उचल. दुसरी मी उचलीन. आईला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. सुकार्जाजवळ उत्तर म्हणून काही देऊ नकोस, त्याच्या गाडीत तूच बस.

त्या फोनवरच्या वृत्तान्तात एक गोष्ट मी गाळली होती. खोकला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आईला आत बसवून मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. फार दिवस नाहीत म्हणाले. दरी आज ना उद्या साफ होईल, झराही होईल. मला भीती वाटते ती एवढीच, की आई गेली तर तिला उचलायला आपण दोघेच असू.

तुझाच दादा,
सुमेर्ता