एक कडा उचलली आहे

३ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिस नेहमीप्रमाणे. संध्याकाळी भावजय धाकट्याचा स्केटबोर्ड घेऊन आली. धाकट्याला जाऊन पाच महिने झाले. बोर्डावर पाय घसरू नये म्हणून काळा, पॉलिश पेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला असतो. त्याला ग्रिप टेप म्हणतात. तिची पुढची कडा उचलली आहे. भावजय म्हणाली, दादा, तेवढी चिकटवून द्या, बाकी कशाला हात लावू नका. चौदा तारखेला, शनिवारी, पोरगी यावरून मैदानात उतरणार आहे. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तयार झाली आहे. चहा घेतला नाही.

बाकी कशाला हात लावू नका, हे ती संकोचाने म्हणाली. मला त्रास नको म्हणून. स्वभावच तसा तिचा.

टेप पार झिजली आहे. दोन जागी तर टक्कल पडून लाकूड दिसतं. पुतणीच्या हातात असली कळकट वस्तू देणं मला पटत नाही. सगळी काढून नवी लावणार. नकाशा विभागात सव्वीस वर्षं कापडावर नकाशे चिकटवतो आहे. माझ्या नकाशात आजवर कुणाला बुडबुडा सापडलेला नाही. तासाभराचं काम.

५ ऑक्टोबर, गुरुवार

स्केटबोर्डच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, केसांची शेपटी बांधलेला. म्हणाला, काका, बोर्ड घेऊन या, पाच मिनिटांत लावून देतो, तुम्ही नका नादी लागू. मी म्हणालो, मी नकाशा विभागात आहे. म्हणाला, मग तर अजिबातच नका. उद्धट माणूस. तरी कृती सांगितली. ड्रायरने गरम करायचं, जुनी हळूहळू सोलायची, नवी मधून कडेकडे दाबत न्यायची, एकदा बसली की उचलायची नाही. अर्धं ऐकलं. उरलेलं मला तत्त्वतः माहीत आहे. दोन टेपा घेतल्या. एक जादा, उगाच.

बाहेर एक टेम्पो रिव्हर्समध्ये मागे येत होता, ती ट्यँ ट्यँ वाजवत. धाकटा मागे येणाऱ्या टेम्पोखालीच गेला. पण हा टेम्पो वेगळा. टेम्पोवाल्यांबद्दल माझ्या मनात राग नाही, हे मी घरी-दारी सगळ्यांना सांगितलेलं आहे.

टेम्पोचा आरसा फुटला. मी जवळच होतो. हातात टेपांची गुंडाळी होती. चालक उतरला, म्हणाला, वेड लागलंय का रे म्हाताऱ्या, आणि माझी कॉलर धरली. त्याचं नाक माझ्या कपाळावर आपटलं. रक्त बरंच आलं, त्याचंच. लोकांनी सोडवलं. मी शांतपणे घरी आलो. चष्मा तिथेच राहिला.

८ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ९

आरंभ. ड्रायर नाही. गॅसची शेगडी आहे. उष्णता ती उष्णता.

सकाळी ११.४०

जुनी टेप निघाली. शेगडीवर आधी धूर झाला, मग बोर्डाच्या मागच्या टोकाचं लाकूड थोडं काळं पडलं. दिसत नाही, म्हणजे मुद्दाम पाहिलं तरच दिसतं. मग सुरी घातली. बोटभर पट्टी निघे आणि तुटे. बोर्ड गुडघ्यांत दाबून धरला आणि दोन्ही हातांनी ओढलं. लहानपणी धाकटा दाराची चौकट असाच धरून बसायचा, शाळेत जायचं नसलं की. चल म्हटलं तरी सोडायचा नाही. सोड, म्हणालो. दोन-तीनदा. मोठ्याने नाही.

शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी दार ठोठावलं. म्हणाल्या, कुणाला मारताय का हो? म्हणालो, कागद काढतोय. म्हणाल्या, मग रडतंय कोण? म्हणालो, रेडिओ असेल. म्हणाल्या, रेडिओच्या अंगठ्यातून रक्त येतंय, बांधून घ्या.

सगळे तुकडे पिशवीत भरून ताबडतोब खाली कचऱ्यात टाकले. टापटीप आपल्या अंगातच आहे.

दुपारी ३

नवी टेप लावली. सतरा बुडबुडे. हवामान दमट असावं. टाचणी लावली तर सोळा बसले. सतरावा हट्टी निघाला. त्याला आधी टाचणीने समजावलं, मग कर्कटकाने, मग दाभणाने. अकरा-बारा वेळा. दाभण लाकडात मोडलं. बुडबुडा उरला नाही. तिथली टेपही उरली नाही.

जादा टेप घेतली होती, हा दूरदर्शीपणा.

११ ऑक्टोबर, बुधवार

दुसरी टेप बसली. कडेने कानस घासली, पांढरी रेघ उमटली, तिच्यावरून ब्लेड फिरवायचं. सोपं आहे. मधेच खाली रस्त्यावर ट्यँ ट्यँ वाजलं. ब्लेड तळहातात गेलं. चार टाके. त्याच सुमारास स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बिजागरीतून निघालं. जुनंच होतं. डॉक्टर म्हणाले, इतक्या जखमा, घरी कोण असतं? म्हणालो, कुणी नाही. म्हणाले, मग भांडता कुणाशी?

संकल्प : हातात हत्यार असताना विचार करायचा नाही.

बोर्ड मात्र देखणा झाला आहे. एकही बुडबुडा नाही. भावजय संकोचेल, म्हणून तिने काही म्हणायच्या आत मीच म्हणणार, अगं त्यात काय.

१४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी दोघी आल्या. बोर्ड मी पुसून टेबलावर ठेवला होता. पुतणीने त्यावरून हात फिरवला. परत फिरवला. म्हणाली, मोठेबाबा, बाबांचे पाय कुठे गेले? मला कळेना. म्हणाली, टक्कल पडलं होतं ना, दोन, ते त्यांचे पाय होते. मी त्यातच पाय ठेवून शिकले. आजही तिथेच ठेवणार होते.

मी समजावलं, की तेवढा भाग फारच खराब झाला होता.

 भावजयीने पोरीच्या हातून बोर्ड घेतला आणि दोन्ही हातांनी मला मारला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा बरगडीवर, तिसरा पुन्हा खांद्यावर. मी अडवलं नाही. नवी टेप चांगलीच खरखरीत आहे. पोरगी आईला मागून धरून ओढत होती. भावजय म्हणाली, एक कडा, दादा. एकच कडा सांगितली होती.

तिच्या तोंडून अगं त्यात काय म्हणण्यासारखं काही आलं नाही.

दोघी गेल्या. बोर्ड इथेच राहिला. पोरगी मैदानात गेली नाही. खिडकीतून पाहिलं, दोघी घराकडे वळल्या.

कचरागाडी सोमवारीच येऊन गेली. तरी जिना उतरून डबा उघडून पाहिला.

दुपारी १

त्या खुणा मला पहिल्या दिवशीच ओळखू आल्या होत्या. डावा पाय आत वळलेला. धाकटा तसाच उभा राहायचा. बोर्ड खुर्चीवर ठेवला की तो खोलीत उभा असल्यासारखं व्हायचं, मंगळवारी रात्री चादर टाकून झाकला होता. रविवारी सुरी लावली ती आधी तिथेच.

दुपारी २

खांदा सोलला आहे. शर्ट त्याला चिकटला होता. बाथरूममध्ये जाऊन भिजवून काढला. साबण लावला. फार झोंबलं. पाणी ओतलं आणि पुन्हा लावला.