सुमनला दिलेलं पहिलं वाण

१९ जानेवारी

उद्याच्या हळदीकुंकवाचं (ह.कुं.) भाषण. सुरुवात अशी:

"गढा मोहल्ल्यातल्या बायांनो, तुमच्या घरात फोन एकच आहे आणि तो तुमच्या हातात नाही. खातं तुमच्या नावाचं, पासबुक त्यांच्या कपाटात, बँकेचा मेसेज मुलाच्या मोबाइलवर. साडी घ्यायची, विचारा. माहेरी जायचं, विचारा."

कुकरसमोर उभी राहून दोनदा म्हटलं. मनू दारातून म्हणाली, "आत्या, 'विचारा' तीनदा घे. तिसऱ्याला टाळी येते."

टाळी कुठे येते ते तिला कळतं. दादा-वहिनी गेले तेव्हा सात वर्षांची होती. फॅक्टरीच्या गेटवर माझ्या सभा व्हायच्या आणि ही स्टुलावर बसून ऐकायची. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, महाराजपुरात खोली घेऊन कुठल्याशा कंपनीचं ऑनलाइन काम करते. यंदाचं वाणही तिनेच सुचवलं. स्टीलच्या वाट्या पुरे झाल्या, म्हणाली. मला पटलं. फार पटलं.

२० जानेवारी

हॉल भरला. तिसऱ्या 'विचारा'ला टाळी आली.

सुमन चपलांपाशी उभी होती. चार घरी पोळ्या करते, माझ्याकडेही. नवरा गेल्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून तिला कुणी ह.कुं.ला बोलावलं नाही. मी बोलावलं होतं, तरी आत येईना. माइकवरून हाक मारली. देशपांडे काकू शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल असं, "काहून नसते रिवाज काढून राहिल्या या?" मी म्हटलं, नवरा गेला म्हणून कपाळ जात नाही. पहिलं कुंकू सुमनला लावलं. पहिलं वाणही तिलाच.

वाण म्हणजे एक पाकीट, आत छापील कागद. मनूने समजावलं. हा फोन हातात धरायचा नाही. तो वर, क्लाउडमध्ये, दूरच्या एका कंप्युटरात असतो. आपल्या मोबाइलवर बोट ठेवलं की उघडतो. बँकेचं सगळं त्यातच. नवरा तपासू शकत नाही, मुलगा हिसकावू शकत नाही. त्याचं सिम मनू प्रत्येकीच्या नावाने काढून खात्याला जोडेल आणि कंपनीकडे ठेवायला देईल. वर कंपनीकडून महिन्याला छोटं बक्षीस.

सुमन म्हणाली, "वर म्हणजे ह्यांच्याकडे का? मग ह्यांना लावून पाहते. गॅसचं पुस्तक कुठं ठेवून गेले ते विचारायचं राहिलं."

हॉल हसला. मी पण हसले. देशपांडे काकूसुद्धा.

नावं मी माझ्या वहीत, माझ्या अक्षरात लिहिली. अठरा. एक नंबर सुमन. आधार कार्डाच्या प्रती मनूने गोळा केल्या. कुणी काही विचारलं नाही. वाण का कुणी परत करतं?

बऱ्याच वर्षांत इतका चांगला दिवस गेला नव्हता.

११ फेब्रुवारी

सुमन पोळ्या लाटता लाटता: "ताई, तो वरचा फोन उघडतच नाही. गोल गोल फिरून राहिलाय नुसता."

मनूला विचारलं. "सर्व्हर स्लो आहे आत्या, होईल." बाकीच्यांचंही तेच. बक्षीस मात्र आलं म्हणे सगळ्यांना.

मनू जेवायला आली पण जेवली नाही. बारीक झाली आहे. काम फार असावं.

२ मार्च

सुमनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी सोबत होते. पट्टी बांधून दिवसभर पडून होती आणि माझ्याकडून पेपर वाचून घेत होती, अग्रलेखासकट. म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकलं की भांडणाची बातमी पण भाषणावानी वाटते."

७ मार्च

सुमनची फॅमिली पेन्शन निघेना. तिच्यासोबत बँकेत गेले. पासबुक छापायच्या मशीनमध्ये घातलं. मशीन छापत गेलं. पान उलटा. पुन्हा छापत गेलं. पान उलटा. वही संपली. मागची बाई म्हणाली, "दीदी, आपका तो बड़ा बिजनेस है।"

घरी येऊन भिंगाने पाहिलं. पैसे आले, गेले. आले, गेले. दिवसभर, ओळीमागे ओळ. २ मार्चलाही. त्या दिवशी ती डोळ्याला पट्टी बांधून माझ्यासमोर पडली होती आणि मी तिला अग्रलेख वाचून दाखवत होते.

सुमनने विचारलं, "यात माझे कोणते?"

बँकेतल्या भैयाने एवढंच सांगितलं की खातं बंद केलंय, सायबर शाखेत जा.

१२ मार्च

सायबर शाखा. तिथली साहेब मनूच्याच वयाची, शांत बोलणारी.

"आंटी जी, फोन है ही नहीं जो हम जब्त करें। किसी के कम्प्यूटर में ढेर सारे फोन खुले हैं, हर एक में किसी दीदी का खाता। ठगी का पैसा आया, दूसरे खाते में गया, वहाँ से तीसरे में। कोई उँगली भी नहीं लगाता। अपने आप चलता है।"

सुमनच्या खात्यातून गेलेले पैसे दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त मास्तरांचे. त्यांना फोनवर घाबरवून काढून घेतलेले. साहेबांनी त्यांचं नाव सांगितलं नाही. मला मात्र ते दिसले. त्यांच्या कपाटातली पुस्तकंही दिसली.

मग सुमनला विचारलं, "सिम किसको दिया था? नाम बताइए। नाम नहीं तो खाताधारक ही आरोपी।"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "याद नहीं साहब। मैंने ही कहीं दे दिया होगा।"

बत्तीस वर्षं बोलत आले. मॅनेजरांसमोर, मंत्र्यांसमोर, लाठ्या घेऊन उभ्या असलेल्यांसमोर. आज खुर्चीत बसले होते, पंखा फिरत होता, साहेब वाट पाहत होत्या. मी एक शब्द

१३ मार्च

महाराजपूरला गेले. मनूने दार उघडलं आणि तिला कळलं.

लॅपटॉप दाखव म्हटलं. दाखवला. पडद्यावर छोटे छोटे फोन, फोटोंच्या अल्बमसारखे ओळीने. प्रत्येकाखाली नाव. माझ्या वहीतली नावं, माझ्याच क्रमाने. सुमन ०१ करडा पडलेला. बाकीचे चालू. आपोआप उघडत होते, आकडे आपोआप उमटत होते, फोन मिटत होते, पुन्हा उघडत होते. हात कुठेच नाही. आमच्या गल्लीतल्या मुन्नीवहिनीचा फोन उघडला. त्या या वेळी नातवाला शाळेतून आणायला जातात.

"बंद कर."

"माझ्या हातात नाही, आत्या. मला फक्त दिसतं."

"तुला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

"मग सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? सुमनमावशीला स्टेजवर घेऊन तू किती खूश होतीस. तुला एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं."

एका बाईमागे तिला काही मिळायचं. कंपनीतलं कुणी तिने पाहिलेलं नाही, सगळं चॅटवर. 'नवरा तपासू शकत नाही, मुलगा हिसकावू शकत नाही' हे कंपनीने शिकवलं का, विचारलं. "नाही. ते तुझंच आहे. गेल्या वर्षीच्या महिला दिनाच्या भाषणातलं."

परत येताना ऑटोवाला दोनदा म्हणाला, "माताजी, उतरना नहीं है क्या?"

१५ मार्च

सुमन कामावर आली. मी म्हटलं, तू नाव का नाही घेतलंस. लाटणं थांबवलं नाही तिने.

"तुम्ही माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी तुमच्या पोरीच्या तोंडाले काळं लावू का?"

"अगं, तू अडकशील."

"वीस वर्षांनी कोणी वाण दिलं होतं, ताई. तेव्हा त्यात काय आहे ते पाहिलंच नाही मी. पाहायला पाहिजे होतं. चूक माझी बी आहे."

पोळ्या मोजून डब्यात ठेवल्या. माझ्या दोन, मनूच्या तीन. मनू येणार नाही हे दोघींना माहीत होतं.

१८ मार्च

मी काही केलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःला दुसरं काही सांगता येणार नाही. वही ट्रंकेत ठेवली. दादाच्या फोटोखाली बसून राहिले. मनूला शिक्षा झाली तर? अठ्ठावीस वर्षांची आहे. मी कुणाला वाढवलं आणि काय शिकवून वाढवलं.

आणखी सहा जणींची खाती बंद झाली. कुणीही माझ्याकडे आली नाही. दुकानात भेटल्या की विषय काढत नाहीत, माझी तब्येत विचारतात. ताईच्या घरचं आहे ना.

२० मार्च

सुमनला नोटीस आली. मास्तरांच्या गावच्या पोलिसांची. हजर व्हा. ते गाव रेल्वेने कुठून लागतं, हेही तिला माहीत नाही. कागद घेऊन माझ्याकडेच आली वाचून घ्यायला. वाचून दाखवली. भाषणासारखी नाही वाटली.

चारपैकी दोन घरांनी तिचं काम काढून घेतलं. पोलिसांचं लफडं नको, म्हणे. उधारीचं पीठ देशपांडे काकूंनी दिलं. ते मान्य करायला हवं.

२६ मार्च

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.

किराणा दुकानात उभी होते. देशपांडे काकू आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, मी नाही म्हणत. लोक म्हणून राहिले. पहिलं वाण विधवेच्या हाती गेलं, म्हणून सगळ्यांच्या खात्यांना लागलं."

मी म्हटलं, खाती संगणकाने चालवली. काकू म्हणाल्या, "ते समजतं हो. पण सुरुवात कोणापासून झाली? एक नंबर कोणाचा?"

एक नंबर मीच लिहिला होता.

तिला चपलांपाशी उभं राहायची सवय झाली होती. मी तिला ओढून आत घेतलं, टाळ्या घेतल्या, आणि आता तिच्या कपाळावर हे लागलं. मी गप्प बसले म्हणून लागलं. खरं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लोकांनी हाताशी असलेलं घेतलं.

३० मार्च, पाडवा

मनू आली. दर वर्षीसारखी गुढी तिनेच उभारली. कलश तिरका झाला तो दोनदा सरळ केला. कडुलिंबाची पानं मी तिच्या हातावर ठेवली. चावली, तोंड वाकडं केलं नाही. लहानपणी तोंड वाकडं करून माझ्या पदराला पुसायची.

जेवताना सांगितलं, मी वही पोलिसांना देणार आहे. माझं नाव देईन. तुझंही देईन.

"हं."

"वकील मी बघेन. पाटनची शेती विकीन. पण नाव देईन."

"आत्या, भाजी जास्त वाढलीस."

तिची तीन पोळ्यांची सवय आहे. एकच खाल्ली. जाताना पाया पडली, सणाला पडते तशीच. आणखी काही म्हणेल म्हणून मी दारात थांबले. चलो, येते, म्हणाली.

१ एप्रिल

आज संध्याकाळी पाच वाजता त्याच हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलंय. सुमनला आणायला मी स्वतः जाणार. मनूला निरोप दिला आहे. उत्तर नाही.

कुकरसमोर म्हणून पाहिलं. आवाज चढत नाही. बरंच आहे. टाळी येईल असं काही यात ठेवलेलं नाही.

"गढ्यातल्या बायांनो, तुमची खाती एकामागून एक बंद होताहेत. तुमचा वरचा फोन तुमच्यासाठी कधी उघडला नाही, दुसऱ्यांसाठी दिवसभर चालला. तुम्ही मला विचारायला आला नाहीत, कारण मी तुमची ताई. मी सांगायला आले नाही, कारण मनू माझी पोरगी. आपण एकमेकींची भीड ठेवली आणि त्या भिडेची किंमत सुमन देते आहे. तिचं काम गेलं. तिला नोटीस आली. वर आपणच म्हणतो की तिच्या हाताने लागलं.

तिच्या हाताने काही लागलं नाही. तिने वाण घेतलं. मी दिलं. त्यात काय आहे ते मी पाहिलं नाही, कारण मला ते पटलं होतं आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता. तुमच्या खात्यांतून ज्यांचे पैसे गेले, तेही कुणाच्या तरी गोड आवाजावर विश्वास ठेवूनच बसले होते.

माझ्याबद्दल काय म्हणायचं ते नंतर म्हणा, मी ऐकेन. एकट्या सुमनने सांगितलं तर ती आरोपी. मी एकटीने सांगितलं तर म्हातारी भाचीला वाचवते आहे किंवा बुडवते आहे, असं म्हणतील. अठरा जणींनी एकच गोष्ट सांगितली तर ती लिहून घ्यावी लागते.

उद्या सकाळी अकरा वाजता सायबर शाखेच्या दारात या. पासबुक आणा. सिम कुणाला दिलं विचारतील, तेव्हा माझ्याकडे पाहू नका. आधी माझं नाव सांगा, मग मनूचं, आणि खाली सही करा."