मिसळणाच्या डब्यातलं इंग्रजी

आई, आज सकाळी छापखान्यातून फोन आला होता. माझ्या क्लासच्या नोट्सचं पुस्तक होतंय, तुला कुठून माहीत असणार म्हणा. इंग्रजीत कुठल्या नामामागे कुठला चिमुकला शब्द येतो, एवढंच त्या पुस्तकात आहे. डिमांड म्हटलं की फॉर, इन्क्रीज म्हटलं की इन. पण मुलांना बारावीत नेमकं तिथेच घाम फुटतो, आणि तुळिंजच्या माझ्या दोन खोल्यांच्या क्लासची ख्याती त्यावरच आहे. छापखानेवाले म्हणाले, "मॅडम, पहिलं पान अडलंय. ही वाट्यांची पद्धत तुमच्या कॉलेजातल्या सरांची ना? सरांचं नाव काय टाकू?" आता आली का पंचाईत! अगं, इतकी वर्षं मी ज्या सरांचं कौतुक सांगत आले, ते सर कधी नव्हतेच. नाव कुठून आणू? मी म्हटलं, "सरांचं राहू द्या. लेखिकेची स्वतःची पद्धत, असं टाका." झालं. सरांना एका वाक्यात निकालात काढलं आणि पद्धत घातली माझ्या पदरात. फोन ठेवला तेव्हापासून जेवण गेलेलं नाही.

पद्धत कोणाची ते तुला मला सोडून कोणालाच ठाऊक नाही. बारावीला इंग्रजीत माझी दांडी उडाली ते वर्ष आठव. बाबा केळीला आळी करून आले होते, हातपाय धुता धुताच त्यांनी निकाल लावला. "ऑक्टोबरच्या परीक्षेत निघालीस तर कॉलेज. नाही निघालीस तर वालीवला कारखान्यात पॅकिंगला जा, नाहीतर मी स्थळं बघतो." बाबा वाईट नव्हते, पण एकदा बोलले की बोलले. मी दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडून होते. तिसऱ्या दिवशी तू चुलीपुढून हाक मारलीस, "रडून झालं असंल तर इकडं ये. काय येत नाय तुला, ते मला सांग." मी चिडून म्हटलं, "तुला सांगून काय कळणार आहे?" चौथीपर्यंत शिकलेली तू, खाडीकाठच्या भातशेतीच्या गावातली, पाण्याला पानी म्हणणारी. पण तू काही वाईट वाटून घेतलं नाहीस. "मला कळाया कशाला पायजे? पेपर मला थोडीच द्यायचाय," म्हणालीस.

मग मी तुला सांगितलं, की शब्द येतात पण त्यांच्या मागचे बारके शब्द येत नाहीत. तू मिसळणाचा जुना डबा काढलास, तोच, झाकणाला पोचा आलेला. सहा वाट्या कडेनं आणि एक मध्ये. सहा वाट्यांना मी सहा नावं दिली: इन, ऑन, ऑफ, फॉर, टू, विथ. तुला वाचता यावं म्हणून नामं मी चिठ्ठ्यांवर मराठी अक्षरांत लिहिली, खाली अर्थ लिहिला. तू खोबरं खवता खवता चिठ्ठी उचलायचीस आणि दरडावून विचारायचीस, "रीझन?" मी म्हणायचे, "फॉर." चिठ्ठीच्या मागे मी लिहिलेलं उत्तर तपासून तू ती त्या वाटीत टाकायचीस. चुकलं की मधल्या वाटीत. मधल्या वाटीतल्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा, आणि त्या सुटल्याशिवाय चहा नाही. कसली खट होतीस गं तू! एकदा मी रिलेशन विथ म्हणायचं सोडून ऑन म्हटलं, तर आधण उतरवून ठेवलंस. पाऊस बाहेर धो धो कोसळतोय, मी चहासाठी तळमळतेय, आणि तू शांतपणे माशांना हळद लावत बसली आहेस. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या पिवळ्या आणि तेलकट झाल्या होत्या.

इथवर कोणीही केलं असतं. पुढचं मात्र फक्त तुझं. श्रावणात कधीतरी, एका दुपारी तू फॉरची वाटी ताटात उपडी केलीस आणि चिठ्ठ्यांखालचे अर्थ वाचत बसलीस. मागणी, गरज, विनंती, इच्छा, भूक. "अगं, हे सगळे मागनारे एका वाटीत कसे गं?" म्हणालीस. मग तू इनची वाटी ओतलीस. वाढ, घट, बदल, चढ, उतार. "ही वर-खाली होनारी." मग ऑनची. परिणाम, हल्ला, कर, बंदी. तू खुदकन हसलीस. "हे सगळे अंगावर येनारे! तुझ्या बापासारखे." दाराची किल्ली आणि प्रश्नाचं उत्तर दोन्ही टूच्या वाटीत बघून तुला फार मजा वाटली, दोघंही बंद असलेलं उघडतात, म्हणालीस. माझ्या पुस्तकात हेच शब्द एबीसीडीच्या रांगेत लावले होते, आणि कॉलेजात सांगत होते की याला नियम नाही, घोका. नियम नाहीच म्हणा पुरता, चार चुकार शब्द प्रत्येक वाटीत निघतात. पण सोयरीक आहे. ती तू बघितलीस, एक अक्षर इंग्रजी न येता. त्या दिवसापासून मला घोकावं लागलं नाही. ऑक्टोबरला मी निघाले, नुसती निघाले नाही, चांगली निघाले. तू पापडी गावच्या बाजारातून माझ्यासाठी शाईचं पेन आणलंस आणि बाबांना म्हणालीस, "आता स्थळांचं नाव काडायचं नाय."

आणि मग मी काय केलं? लिहायला हात वळत नाही, पण लिहिते. कॉलेजातल्या तिघी मैत्रिणी घरी आल्या होत्या, हिवाळ्यात. अंगणात बांबूच्या मांडवावर राजेळी केळी सुकत होती, तू त्यांना सुकेळीची पानात बांधलेली पुडी उघडून दिलीस आणि उत्साहानं समोर बसलीस. तू कितीतरी दिवस वाट बघत असणार. "डिमांड?" तू एकीला विचारलंस, परीक्षा घेतल्यासारखं. ती गोंधळली. "फॉर!" तूच म्हणालीस आणि टाळी दिलीस. "इन्क्रीज? इन!" त्या तोंडावर ओढणी धरून हसल्या. मी म्हटलं, "तिच्याकडे लक्ष नका देऊ. तिला कळत काही नाही, नुसतं पाठ आहे." तू उठलीस, पाण्याचे पेले घेऊन आत गेलीस. दुसऱ्या दिवशी डब्यात बघते तर वाट्या घासून पुसून लखलखीत, आणि त्यांत मोहरी, जिरं, हळद. "चिठ्ठ्या कुठायत?" मी विचारलं. "ठेवल्यात कुठंतरी. मिसळनाला डबा लागत व्हता," म्हणालीस. बस्स. तू मला दोन शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. मी माफी मागितली नाही, आणि तूही मला त्यानंतर कधी काही विचारलं नाहीस.

क्लास सुरू केला तेव्हा सात वाट्या मी पहिल्या दिवसापासून वापरल्या, रंगीत प्लास्टिकच्या. मागनारे, वर-खाली होनारे, अंगावर येनारे. मुलं तुझे शब्द म्हणून दाखवतात आणि मी त्यांच्या 'न'चा 'ण' करते, बघ माझा शहाणपणा. कोणी विचारलं की म्हणायचं, आमच्या सरांची पद्धत. ते इतकं अंगवळणी पडलं, की तू आजारी पडून माझ्याकडे राहायला आलीस आणि एका मुलीची आई भेटायला आली, तेव्हा तुझ्यादेखत मी तेच बोलले. तू खिडकीजवळ खुर्चीत होतीस, शाल पांघरून. ती बाई म्हणाली, "कुठून सुचलं हो मॅडम तुम्हाला हे?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आमचे कॉलेजचे सर होते ना, त्यांचं आहे." मग मला तू दिसलीस. तू त्या बाईकडे वळून अगदी साळसूदपणे म्हणालीस, "हुशार असनार ते सर." तुझे डोळे हसत होते गं. रागाचा मागमूस नव्हता. बाई गेल्यावर मी तुझ्याजवळ येऊन बसले, बोलायचं म्हणून तोंडही उघडलं, आणि विचारलं काय, तर पेज देऊ का. तू हो म्हणालीस. पुढे दीड महिन्यात तू गेलीस.

इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की मला तेव्हा मैत्रिणींपुढे लाज वाटली, वय तसं होतं, पोरकटपणा झाला. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. आता मला तुझी लाज अजिबात वाटत नाही. आता तुझ्याविषयी बोलायला लागले तर तासभर थांबणार नाही मी, भेटेल त्याला सांगेन की माझ्या आईसारखी आई नाही. पण पद्धत तुझी, हे सांगवत नाही. लोक मला हुशार म्हणतात ना, ते या एका गोष्टीवर म्हणतात. ती तुझ्या नावावर केली तर माझं म्हणून काय उरतं, याची मला भीती वाटते. ही हाव आहे, आई, दुसरं काही नाही. तुझ्यापुढे साळसूदपणा चालत नाही, म्हणून सांगून टाकलं.

पहिलं पान उद्या सकाळी छापायला जाणार आहे. छापखाना सातला बंद होतो. आता साडेसहा होऊन गेलेत, आणि मी फोन करायचं सोडून तुला पत्र लिहीत बसले आहे.