सात आणि अकरा नंबरचं झाड

स्पंदनाअक्का,

तुझ्या अभ्यासाचा घोळ मी केला, हे तुला तीनदा सांगितलं. तीनदाही तू म्हणालीस, "सुम्ने इरो शरत, गप्प बस, चेष्टा पुरे." अय्यो, या वेळी चेष्टा नाही गं!

तुझ्या संत्र्याच्या झाडांचे कापडी नंबर आपल्या शिलाईच्या दुकानात मीच शिवले ना? तू पाहुण्यांसमोर मला बुद्धू म्हणालीस, म्हणून झाडांवर बांधलेल्या सात आणि अकराच्या पट्ट्यांची मी अदलाबदल केली. तुला लगेच कळेल, मग दोघं हसू, असं वाटलेलं. पण रस तू त्याआधीच तपासला होतास आणि जीन बघायला पानं नंतर नेलीस.

रस तापवूनही न मरणारं ते एन्झाइम ज्या झाडात असतं, त्याच्या रसात गाळ खाली बसतो आणि वर नुसतं पाणी राहतं, हे तूच जेवताना सांगितलेलंस. सातमध्ये ते नाही असं रस म्हणाला, आहे असं पानं म्हणाली. आता तुझे सर म्हणतात, आकडे तू मनाने लिहिलेस. आणि तू खोलीत बसून रडतेस.

म्हणून यंदाची फळं आणून मीच रस तापवला आणि आठ दिवस ठेवला. आता सातची पट्टी आहे त्या झाडाच्या बाटलीत गाळ बसलाय. अकराची अजून गढूळ आहे. म्हणजे आता रस आणि पानं एकच सांगतात.

हे पत्र तुला देत नाही, वाचून परत "पुरे" म्हणशील. उद्या बाटल्या घेऊन तुझ्या सरांकडेच जातो. ते मला ओळखत नाहीत, म्हणजे विश्वास ठेवतील.

तुझा बुद्धू,
शरत