आधीच्या जोडप्याचे गुण

४ मार्च ९६, सोम.
'संगणकावर पत्रिका' ही पाटी लागल्यापासून काकांच्या ज्योतिष कार्यालयात जत्रा. नगरच नव्हे, पार कर्जत-शेवगावहून लोक. काका म्हणजे माझे मालक, नात्यातले नव्हेत; प्रोग्राम माझा. आम्ही बौद्ध, पत्रिका बघतच नाही. आई टोमणा मारते, "जे सोडून आलो तेच इकतीस व्हय गं?" पगार तर घेते माझ्याकडून!

आज कर्जतकडचे रंगनाथराव मुलीला घेऊन आलेले. सुमन. स्थळ शेवगावचं, दोन्हीकडून पसंती, फक्त गुण बघायचे राहिलेले. छत्तीसपैकी निघाले साडेनऊ. अठरा तरी लागतात. रंगनाथराव सगळ्यांदेखत म्हणाले, "हिच्याच नशिबात खोट हाय." पोरगी खाली बघत बसली. वाईट वाटलं फार.

६ मार्च, बुध.
सुमनच्या आधीच्या जोडप्याचेही साडेनऊच. योगायोग? छे. सापडलं!

तीन स्क्रीन. मुलगी, मुलगा, गुण. दोघांची नक्षत्रं मी पब्लिक व्हेरिएबलमध्ये ठेवलेली, म्हणजे चौकातला फळा. कुणीही लिहा, कुणीही वाचा, पुसायचं मात्र कुणीच नाही. नगरकरांची जन्मवेळ दवाखान्यात लिहिलेली असते. सुमनची वेळ काय, तर 'गुरं सोडायच्या टायमाला'. एकाची वेळ अशी असली की काका दोघांचीही रास-नक्षत्रं नावावरून धरतात. त्या वाटेने गेलं की माझा प्रोग्राम फळ्यावर काही लिहीतच नव्हता. मग गुणांच्या स्क्रीनने आधीच्या जोडप्याचीच नक्षत्रं वाचली. मी तपासलं ते सगळं वेळवाल्यांवर. अक्कल गहाण ठेवली होती.

८ मार्च, शुक्र.
फळाच काढून टाकला. आता प्रत्येक स्क्रीन आपल्याकडची नक्षत्रं पुढच्या स्क्रीनच्या हातात देते. हात रिकामा असेल तर पुढची उघडतच नाही. हुश्श!

काका चिडले. "गिऱ्हाइकाला काय सांगू? मशीन चुकलं?"
"मी चुकले म्हणून सांगा."
मग स्वतःच कर्जतला निरोप धाडला. नावरासवाले सगळेच परत बोलवायचे ठरलं.

११ मार्च, सोम.
बापलेक आले. साडेपंचवीस! मला रडूच यायचं बाकी.
रंगनाथराव कागद उलटासुलटा करत म्हणाले, "म्हंजी पोरीत खोट नव्हतीच? उगंच बोललो गं तुला."
निघताना सुमन मला हळूच म्हणाली, "ताई, तुमच्यात कशावरून ठरवत्यात?"
"एकमेकांना विचारतो."

१५ मार्च, शुक्र.
शेवगावकर पुन्हा बसायला तयार. रंगनाथराव सांगायला आले, पण पेढे नाहीत. "पोरगी म्हनती, आदी मला त्याच्याशी बोलायचंय. गुन जुळले न्हाईत म्हनल्यावर त्यो काय म्हनला, ते इचारायचंय. लई शानी झालीय." रागावलेले वाटले नाहीत. रविवारी दोघांना इथेच बोलू द्याल का, म्हणून विचारत होते.

मी लगेच हो म्हटलं. काकांना सांगून ठेवलंय, रविवारी कॉम्प्युटर बंद.