टाकीतलं शेवाळ आणि नळाचं पाणी

बाबा,

माझी सकाळची पाळी आहे. तुम्ही खुर्चीतच झोपलात, म्हणून उठवलं नाही.

काल मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा माशांना सारखं खायला घालतात, म्हणून शेवाळ माजलंय." तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. आणि आज पहाटे पाहते तर बाही भिजवून तुम्ही टूथब्रशने टाकीतले दगड घासताय!

चूक माझी आहे. आपले मासे समुद्रातले, त्यांना खारं पाणी लागतं; पण तीन आठवडे फिल्टरचं पाणी आणायचा कंटाळा केला आणि नळाच्याच पाण्यात मीठ कालवून ओतलं. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनीच शेवाळ फोफावलं.

उजेडानं शेवाळ वाढतं, म्हणून टाकीचा दिवा दुपारी चारला बंद करा. सुटलेलं शेवाळ जाळीनं काढून टाका. चांगलं पाणी मी येताना आणते. खाणं दिवसातून एकदाच, पण तुमच्याच हातानं. माझ्या हाताला तो नारिंगी मासा भीक घालत नाही.

आत्ता ह्यांना सगळं सांगितलं, तर म्हणतात, "बाबांनी तुला नळाखाली बादली भरताना पाहिलं होतं. मला म्हणाले, तिला काही बोलू नकोस, दमून येते बिचारी."

संध्याकाळी सगळ्यांसमोर माफी मागणार आहे. तेव्हा गप्प बसू नका, चांगलं रागवा.

सूनबाई