काठी पोचते तिथपर्यंत

१ जानेवारी
संकल्प तीन. एक — वर्षभर एकच नोकरी, पळायचं नाही. दोन — खोटं बोलायचं नाही. तीन — रोज इथे लिहायचं, निदान एक ओळ.

ताईला फोन करून सांगितलं. म्हणाली, "तुझा संकल्प म्हणजे गाजराची पुंगी, भिंगऱ्या. वाजली तर वाजली, नाहीतर तूच मोडून खाणार." लहानपणापासून भिंगऱ्या म्हणते, माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणून. मार्चपर्यंत टिकलास तर नवे बूट देईन म्हणाली. कसले बूट ते विचारायचं राहिलं. चामड्याचे असतील तर बरं. मागचे कापडी होते, ते गोदामातल्या नोकरीत फाटले. की त्या आधीच्या? असो.

२ जानेवारी
नोकरी मिळाली! पोहण्याचा तलाव — छपराखालचा, कोमट पाण्याचा. फरशी घासायची, जाळीने पाण्यातले केस न् जखमेवरच्या पट्ट्या काढायच्या, कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या. मॅनेजरबाईंनी मान वर न करता विचारलं, "पोहता येतं ना?"

"हो."

झालं. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या संकल्पाचा मुडदा. मला वाटलं, दाखव म्हणतील. नुसतं म्हणाल्या, "उद्यापासून ये."

मी आजवर बेंबीच्या वर पाण्यात गेलेलो नाही.

३ जानेवारी
पाणी फार आहे.

५ जानेवारी
तोबा गर्दी. सगळे माझ्यासारखेच, संकल्पवाले. नवीन चष्मे, नवीन टोप्या, पोटं आत ओढलेली. एक जण कपाटाची किल्ली देताना मला म्हणाला, "वर्षाअखेरीस ओळखणार नाहीस मला." आत्ताही ओळखत नाही म्हटलं. हसला बिचारा.

काठाने चालताना मी भिंतीला घासून चालतो. खोल बाजूला तळाच्या फरशा हलताना दिसतात. त्या हलत नाहीत हे कळतं, पण पोटाला कळत नाही. कुणी बुडी मारली की माझाही श्वास थांबतो, डोकं वर येईपर्यंत. एवढ्या डोक्यांसाठी किती श्वास थांबवणार माणूस?

८ जानेवारी
इथल्या जीवरक्षकाला सगळे शिट्टी म्हणतात. मी तोंडावर काका म्हणतो. उंच खुर्चीत बसतो. वय झालंय, पण पाठ ताठ. पायात कायम बूट, मांडीवर घडी केलेला टॉवेल, कायम कोरडा. शेजारी लांब काठी, टोकाला मोठी कडी. रोज सकाळी ती फडक्याने पुसतो. मी पुसतो म्हटलं तर, "हिला हात लावायचा नाही. फरशीचं बघ."

खोल बाजूला कुणी मधोमध गेलं की याची शिट्टी वाजलीच. "काठाने! काठाने!" तिथे मध्ये काय पुरलंय देव जाणे. लोक कौतुक करतात — आपले काका फार कडक.

१० जानेवारी
मॅनेजरबाई म्हणाल्या, "दुपारी काका जेवायला जातात, तेवढा वेळ खुर्चीत तू बस. तुला येतंच की पोहायला."

मी मान डोलावली. मानेने खोटं बोललं तर ते संकल्पात धरायचं का?

११ जानेवारी
खुर्चीत बसलो. पाण्यात दोघेच होते. मी देवाला सांगत होतो, यांना कंटाळा येऊ दे. आला. गेले. शर्ट पाठीला चिकटला होता.

१३ जानेवारी
सकाळी उघडायच्या आधी एकटा उथळ बाजूला उतरलो. शिकून टाकू, कुणाला कळायच्या आत. पाणी छातीला आलं आणि कुणीतरी बरगड्या आवळाव्यात तसं झालं. काठाची दांडी सुटेना.

ओला शर्ट लपवायला वरून टॉवेल गुंडाळला. शिट्टी येऊन बघत राहिला.

१५ जानेवारी
दुपारी एक मावशी येऊ लागल्यात. समोरच्या गल्लीत कपडे शिवतात. गुडघे गेलेत मशीन मारून मारून. डॉक्टर म्हणाले पाण्यात चाला. यांनी ठरवलं, चालायचंच तर पोहायलाच शिकते. पोहण्याचा पोशाख स्वतः शिवलाय, त्याला खिसासुद्धा आहे. "खिसा कशाला?" विचारलं तर म्हणाल्या, "सवय."

दांडी धरून पाय मारतात. घाबरतात खूप, पण बडबडत घाबरतात. मी गप्प घाबरतो, एवढाच फरक.

जाताना म्हणाल्या, "पोरा, तू आहेस म्हणून उतरते हो मी."

घास गेला नाही रात्री.

१८ जानेवारी
गर्दी ओसरली. वर्षाअखेरवाला तर चार दिवसांत गायब. त्याचा टॉवेल कपाटात तसाच आहे, वास मारतोय. सगळ्यांचे संकल्प मोडले, मावशींचा तेवढा नाही. त्यांचाही मोडू दे असं मी रोज मनात म्हणतो. किती नीच आहे मी! आज त्या दांडी धरून खोल बाजूकडे सरकल्या. "बघ, बघ, इथवर आले." मी खुर्चीतून हसलो.

१९ जानेवारी
पिशवी भरली. ताईला कळवलं नाही.

२० जानेवारी
सगळं लिहायला हवं.

सकाळचं काम उरकून बसमध्ये बसलो होतो. खिडकीची जागा, पिशवी मांडीवर. असा कितीदा गेलोय, कधी काही वाटलं नाही. आज बस सुटली आणि डोळ्यांपुढे रिकामी खुर्ची आली. मावशी येणार. शिट्टी माझ्या भरवशावर जेवायला जाणार. पुढच्या थांब्यावर उतरलो आणि धावत सुटलो.

मावशी खोल बाजूला होत्या. दांडी सुटलेली. ओरडत नव्हत्या — मला वाटायचं बुडणारा माणूस ओरडतो. तोंड वर, डोळे उघडे, हात पाणी खाली दाबतायत, आणि आवाज अजिबात नाही.

मी काठावर उभा. उडी मार, उडी मार! पाय उचलेनात. मग काठी दिसली. ती उचलून पुढे केली. कडी मावशींच्या खांद्याला लागली, त्यांनी ती पकडली, मी ओढलं. बस, एवढंच.

काठाशी खोकत खोकत त्यांनी पहिलं काय विचारलं? "उडी का नाही मारलीस रे?"

"मला पोहता येत नाही, मावशी."

त्या उठल्या, चपला हातात घेतल्या आणि ओल्याच गेल्या.

शिट्टी दारात उभा होता. कधी आला कळलं नाही. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्याने माझ्या हातातली काठी घेतली, पुसली, जागेवर ठेवली. म्हणाला, "बरोबर धरलीस." बाईंना काहीच सांगितलं नाही. तेव्हापासून मला जास्तच भीती वाटतेय.

२१ जानेवारी
मावशी आल्या नाहीत.

२२ जानेवारी
नाहीत.

२४ जानेवारी
आल्या! माझ्याशी अबोला. काठावर बसल्या, पाय पाण्यात सोडून. मग म्हणाल्या, "उतर."

"मी?"

"मग काय माझी मशीन उतरेल? उतर. मी तुझ्या भरवशावर उतरत होते ना, आता तू माझ्या उतर."

उथळ बाजूला दोघं दांडी धरून. बरगड्या आवळल्या, पण त्यांची बडबड चालू होती, तिच्या लयीत श्वास घेतला. शिट्टी आता दुपारी जेवायला जात नाही, खुर्चीतच डबा खातो. वरून सांगतो — गुडघा वाकवू नका, हनुवटी वर, फुंकर पाण्यात मारा. इतकं नीट सांगतो की पुस्तकातून वाचल्यासारखं.

२७ जानेवारी
दांडी एका हाताने सोडली. मावशी म्हणाल्या, "काका, एकदा खाली येऊन करून दाखवा की. ऐकून काय पोहणं येतं?"

शिट्टी म्हणाला, "आज खांदा दुखतोय."

३० जानेवारी
ठरलं. मॅनेजरबाईंना सांगायचं, मला पोहता येत नाही म्हणून. हाकलतील. पहिला संकल्प मोडेल, पण दुसरा जगेल. शिट्टीला म्हटलं, काका, तुम्ही सोबत चला, जरा धीर येईल.

त्याने माझा दंड धरला. हात बर्फासारखा. "नको सांगूस," म्हणाला. "एकदा विचारायला लागल्या की त्या सगळ्यांनाच विचारतील." मग खोल बाजूकडे बघत म्हणाला, "काठी आहे ना. काठी पोचते तिथपर्यंत काही होत नाही."

मी घरी आलो, जेवलो, आणि मग ते वाक्य कळलं. आत्ता अंगावर काटा आहे.

३१ जानेवारी
दुपारी शिट्टीने लांब शिट्टी मारली, मावशी सोडून सगळ्यांना बाहेर काढलं. खुर्चीतून उतरला, शिट्टी माझ्या गळ्यात घातली, बूट काढले. त्याचे पाय पहिल्यांदाच पाहिले. मग मावशींशेजारी दांडी धरून, उथळ बाजूच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात, लटपटत उभा राहिला.

"मलाही हेच विचारलं होतं रे," म्हणाला. "तू जन्मायच्या आधी. मीही हो म्हटलं होतं."

मी मॅनेजरबाईंना खाली बोलवायला जिना चढलो.